तुझ्या बापसाचं 'ओके'

खारबाव, ता. भिवंडी
त्रिपुरी पौर्णिमा

चि. रेश्मा,


बाय, एवढी पानं बघून घाबरू नकोस, घरी सगळे धड आहेत. फोनवर मला हे बोलता येत नाही. तुझी आई शेजारी बसलेली असते, तुझा बापूस दाराशी घुटमळत असतो आणि दोन मिनिटांत गाडी 'जेवलीस का'वर येऊन थांबते. म्हणून आपली वही घेतली आणि बसले. महेशला सांगून पानांचे फोटो काढून तुला पाठवते. माझं अक्षर तुला लागेल, पहिलीत माझ्याच हाताखाली गिरवलंयस.

मागच्या फोनला तू म्हणालीस, "आत्या, बाबांना माझं काही पडलेलंच नाही. एवढा मोठा मेसेज लिहिला आणि उत्तर काय, तर ओके. वर पूर्णविराम." तू हसत सांगितलंस, पण मला तुझा आवाज ओला वाटला. खरंच तसा होता की इथल्या नेटवर्कचा खेळ, ते मी पुढे विचारणार आहे. तोवर त्या 'ओके'ची हकीकत ऐक, कारण ते टाइप होताना मी समोर बसले होते.

कापणीचे दिवस होते. भारे खळ्यावर आणून तुझा बापूस संध्याकाळी ओटीवर टेकला होता. तुझा मेसेज आला तसा तो चष्मा न लावताच फोन घेऊन माझ्याकडे आला. "वाच गो, मोठ्यानं वाच." मी वाचला. तिकडे डेन्मार्कला कंपनीने तुला आणखी दोन वर्षांसाठी ठेवून घेतलंय, येत्या उन्हाळ्यात येता येणार नाही, सगळं वाचलं. "परत वाच." परत वाचलं. मग त्याने फोन घेतला आणि एका बोटाने लिहायला बसला. 'बाय' लिहिलं, पुसलं. 'चांगला झाला' लिहायला घेतलं, त्यातला 'झ' सापडेना, तेही पुसलं. तेवढ्यात फोनने आपण होऊन खाली 'ओके' असं सुचवलं. त्याने ते दाबलं, मग जागा सोडायची कळ दोनदा दाबली गेली आणि पूर्णविराम पडला. तुझ्यापर्यंत पोचला तो एवढाच. दुसऱ्या दिवशी सकाळी भिवंडीला जाऊन त्याने पेढे आणले आणि अख्ख्या आळीत वाटले, ते तुझ्यापर्यंत पोचलं नाही.

गंमत म्हणजे त्या पूर्णविरामावरही अभ्यास झालेला आहे. निवृत्तीनंतर मी ठाण्याला समुपदेशनाच्या वर्गाला जायला लागले ते तुला माहीतच आहे. तेव्हापासून हे असलं वाचायचा नाद लागला. अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन नावाच्या बाई आहेत. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 2015 साली कॉलेजच्या मुलांना छोटे छोटे मेसेज दाखवले. एकाच शब्दाचं उत्तर, काहींत शेवटी पूर्णविराम, काहींत नाही. पूर्णविरामवालं उत्तर मुलांना कमी मनापासूनचं वाटलं. आणि तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवलं तेव्हा काही फरक पडला नाही. म्हणजे पूर्णविरामात राग तुमच्या पिढीने भरला. तुझ्या बापसाला शाळेत शिकवलंय की वाक्य संपलं की पूर्णविराम द्यावा, नाहीतर अर्धा मार्क जातो.

तू म्हणशील, पूर्णविरामाचं सोड आत्या, फोनवरसुद्धा ते ओरडतात, दोन वाक्यांत आईकडे फोन देऊन मोकळे होतात. खरं आहे. त्याबद्दल मला तुला नीट सांगायचंय, कारण तू लहान असताना तो रात्रपाळीला जायचा आणि तू त्याला बघितलंस ते बहुतेक झोपलेला. त्याचं काम तू कधी बघितलं नाहीस.

मी बघितलंय. माझी नोकरी तेव्हा भिवंडीतच होती, शाळा सुटली की त्याचा डबा मीच पोचवायची. पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना यंत्रमागांच्या रांगा, मधे एक माणूस जाईल एवढी वाट. दारातून आत पाऊल टाकलं की आवाज कानात न जाता छातीत जायचा. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, सगळ्या मागांचा एकदम. कापसाची पिंज हवेत, माणसांच्या भुवयांवर, पापण्यांवर. कारागीर कोण, तर उत्तर प्रदेशातले अन्सारी, तेलंगणाकडचे पद्मशाली, आणि मागांची देखभाल करणारा जॉबर, म्हणजे तुझा बापूस, हा आपला आगरी. तीन तऱ्हेच्या बोली, आणि त्या आवाजात एकही कामाची नाही. म्हणून सगळे हातांनी बोलायचे. दोन बोटं कातरीसारखी हलवली की तार तुटली. मूठ ओठांशी नेली की चहा आला. तळहात पालथा केला की माग बंद कर. सेठ आला हे सांगायला नुसती भुवई पुरायची. मी दारात दिसले की तुझा बापूस शेडच्या त्या टोकाहून, घशातून आवाज न काढता, ओठ मोठे हलवून विचारायचा, "आय कशी हाय?" मी हनुवटी वर करून सांगायची, बरी आहे. एवढं बोलणं व्हायचं, आणि त्यात कधी घोटाळा झाला नाही. इंग्लंडात लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या बायकासुद्धा अशाच ओठांच्या भाषेत बोलायच्या, तिला तिकडे 'मी-मॉ' म्हणत. भिवंडीच्या भाषेला कुणी नाव ठेवलं नाही, एवढाच फरक.

आता त्या आवाजाचं काय होतं ते ऐक. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार नावाच्या कानाच्या फ्रेंच डॉक्टरने 1911 साली हे दाखवून दिलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. आपल्या हळदीत डीजे लागला की सगळी आळी कशी एकमेकांच्या कानात किंचाळते, तेच. पण हळद एका रात्रीत आटपते. तुझा बापूस अठराव्या वर्षी शेडमध्ये शिरला आणि साठीला बाहेर पडला. आपल्याकडे आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलची मर्यादा घालून दिलेली आहे, आणि यंत्रमागाच्या शेडमधला आवाज तिच्या सहज वर जातो. कानाच्या आत ज्या बारीक केसांच्या पेशी असतात त्या अशा आवाजाने मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. त्यातही आधी जातात त्या उंच सुराच्या, साधारण 4000 हर्ट्झच्या आसपासच्या. म्हणजे काय होतं, तर आ, ओ, ऊ हे जाड स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, थ अशी बारीक व्यंजनं गळतात. 'सात' म्हटलं की 'हात' की 'भात' ते कळत नाही. माणूस बहिरा नसतो. कुणीतरी बोलतंय हे त्याला बरोबर ऐकू येतं, काय बोलतंय ते कळत नाही. आणि सारखं "काय? काय?" विचारायची लाज वाटते म्हणून तो "हो, हो" म्हणतो आणि फोन बायकोकडे देतो.

आता तूच बघ. स्वतःचा आवाज स्वतःला कमी ऐकू येतो म्हणून तो ओरडतो. तुझा बारीक, भरभर आवाज त्याला अर्धाच लागतो म्हणून दोन वाक्यांत आटपतो. आणि लिहिता येत नाही म्हणून 'ओके.' या तिन्हींचा अर्थ तू एकच लावलास. तुझं चुकलं म्हणून मी हे सांगत नाही. तिथे एकट्या खोलीत रात्री दहा वाजता तो शब्द बघून मीही तसाच अर्थ लावला असता कदाचित. काळोख लवकर पडणाऱ्या मुलखात असले अर्थ जास्त लागतात, असं मला आपलं वाटतं.

लिहिण्यात सूर जात नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी आपण लिहिताना विसरतो. अमेरिकेत 2005 साली जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि मंडळींनी विद्यार्थ्यांना थोडी वाक्यं गंभीरपणे आणि थोडी टोमण्याने लिहायला लावली. लिहिणाऱ्यांना वाटलं, शंभरातली 78 वाक्यं तरी वाचणारा बरोबर ओळखेल. ओळखली 56. म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तर त्याच्यापेक्षा जरा बरं. तेच बोलून दाखवलं तेव्हा ओळख पुष्कळ सुधारली. लिहिणाऱ्याच्या डोक्यात स्वतःचा आवाज वाजत असतो ना, त्यामुळे कागदावर तो उतरलाच असं त्याला वाटतं. तुझाही तो लांब मेसेज मी मोठ्याने वाचला तेव्हा मला तो थोडा कोरडा वाटला, ऑफिसच्या अर्जासारखा. तुझ्या डोक्यात तो रडवेला असणार.

मधेच सांगायचं राहील म्हणून लिहिते, यंदा भात बरा आहे. परतीचा पाऊस रेंगाळला, खालच्या दोन खाचरांत पाणी साचून थोडं लोळलं, बाकी हाती आलं. आजूबाजूच्या पुष्कळ शेतांवर गोदामं उभी राहिलीत, रात्री ट्रेलरच्या दिव्यांनी भिंती उजळतात. वसई-दिवा गाड्यांचं तुझ्या वेळी होतं तेच आहे, एक चुकली की पुढचीची वाट बघत बसा.

तर मुद्द्यावर येते. तू तिथल्या ऑफिसबद्दलही असंच म्हणालीस. "मी मीटिंगमध्ये बोलले की सगळे गप्प बसतात, माझं बोलणं त्यांना पटत नसावं." बाय, मला यात एक शंका आली आणि ती खरी निघाली. माणसं एकमेकांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला किती वेळ घेतात यावर तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली दहा भाषांमध्ये मोजमाप केलं. सगळीकडची सरासरी एका सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. त्यातले जपानी सगळ्यांत चपळ, प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर हजर. आणि सगळ्यांत सावकाश कोण, तर तुझे डॅनिश! अर्ध्या सेकंदाच्या जरा आत. अर्धा सेकंद ऐकायला काहीच नाही, पण बोलण्यात तो लांब वाटतो, विशेषतः आपल्याला. आपल्याकडे ओटीवर चार बायका एकाच वेळी बोलतात, चौघींना चौघींचं कळतं, आणि जी गप्प बसेल तिला "काय गं, रुसलीस?" विचारतात. अशा घरातली पोरगी तिथे जाऊन बोलली आणि समोरच्याने क्षणभर थांबून विचार केला, की तिला वाटणारच आपण काहीतरी चुकीचं बोललो. बरं, त्यांच्या मनात खरोखर नापसंती असेलही. मला कोपनहेगनमधल्या माणसांच्या मनातलं काय ठाऊक? पण तुलाही ठाऊक नाही, एवढंच मी म्हणते.

तू मला तो देहबोलीवरचा व्हिडिओ पाठवला होतास. संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, 38 टक्के आवाजाचा, 55 टक्के चेहऱ्याचा. तो सूटबूटवाला माणूस फार ठासून सांगत होता. मला राग आला त्याचा. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 सालच्या दोन छोट्या प्रयोगांतून आले. त्यातल्या एकात एकच शब्द होता, 'कदाचित' या अर्थाचा इंग्रजी शब्द. तो गोड, साध्या आणि तुसड्या सुरात म्हणून दाखवायचा, बरोबर चेहऱ्याचे फोटो दाखवायचे, आणि विचारायचं, बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही? तिथे सूर आणि चेहरा शब्दाला भारी पडले, आणि पडणारच, 'कदाचित'मध्ये आवडण्या-नावडण्याचं आहे काय? मेहराबियन यांनी स्वतःच सांगून ठेवलंय की हे आकडे आवडीनिवडीच्या भावनांपुरते आहेत, सगळ्या बोलण्याला लावू नका. तरी जगभर लावतात. शब्द 7 टक्केच असते तर डॅनिश न शिकताच तुझं तिथे भागलं असतं, आणि तू तर क्लास लावून रडतेयस. आपल्या भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले, आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. हात, वाणी, वेश आणि अंगावरचा काटा-घाम-अश्रू. चारही लागतात म्हणाले, टक्केवारी लावायच्या भानगडीत पडले नाहीत.

त्या व्हिडिओचं खरं नुकसान वेगळंच आहे. असलं ऐकून आपल्याला वाटायला लागतं की आपल्याला चेहरे वाचता येतात. हाताची घडी म्हणजे विरोध, नजर टाळली म्हणजे खोटं. अगं, हाताची घडी थंडीनेही घालतात आणि तू तर डेन्मार्कला आहेस! आपल्याकडे मोठ्यांसमोर नजर खाली ठेवतात तो मान असतो. माझ्या वर्गातली कितीतरी पोरं माझ्या डोळ्याला डोळा देत नसत, ती काय खोटारडी होती?

आणि आपल्या माणसांच्या बाबतीत तर आपण जास्तच फसतो. 2011 साली अमेरिकेत नवरा-बायकोंच्या जोड्यांवर एक प्रयोग झाला, केनेथ सॅविट्स्की आणि बोआझ केसर यांच्या मंडळींचा. दोन-तीन अर्थ निघतील अशी रोजची वाक्यं बोलायची आणि ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याच्या मनातलं ओळखायचं. नवरा-बायकोने परक्या माणसांपेक्षा काही जास्त बरोबर ओळखलं नाही, पण आपण ओळखलं जाऊ अशी खात्री मात्र जोडीदाराबद्दल जास्त होती. परक्याला आपण उकलून सांगतो, घरच्याला काय सांगायचं, त्याला कळायला हवं! तुझी आई आणि बापूस यांची निम्मी भांडणं या एका खात्रीवर चाललीत, हे मी तुला वेगळं सांगायला नको.

मग करायचं काय? लहानपणी मीच तुला म्हणायची, समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ. ते स्वभाव मऊ व्हायला ठीक आहे. पण त्याने मनातलं कळतं का, हे ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि तेच ते एप्ली यांनी एकूण 25 प्रयोगांत तपासून 2018 साली छापलं. दुसऱ्याच्या जागी जाऊन कितीही कल्पना केली तरी अंदाज काही सुधारला नाही. कधी कधी आणखी बिघडला. सुधारला तो एकाच गोष्टीने, त्या माणसाला सरळ विचारलं आणि त्याचं ऐकून घेतलं तेव्हा. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 साली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, तिची 'मैत्र' म्हणून फोनवरून मदत करायची सेवा आहे. तिथे ऐकणाऱ्याला समोरचा दिसतच नाही, चेहऱ्यावरून अंदाज बांधायची सोयच नाही. त्याला विचारावंच लागतं.

विचारण्यातही एक खुबी आहे आणि ती मला पुस्तकांनी नाही, पहिलीच्या पोरांनी शिकवली. "समजलं का?" म्हटलं की सगळा वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणायचा, माना डोलावायचा. एक मुलगी होती, सगळ्यांत मोठ्याने "हो" म्हणायची, आणि त्याच वेळी तिचा अंगठा पाटीवरचं उत्तर पुसत असायचा. मी "समजलं का" विचारायचंच सोडलं. "हातचा एक कुठे ठेवलास, दाखव" असं विचारायला लागले. मग कळायचं कोण कुठे अडलंय.

तर तुझ्या बापसाला "बाबा, रागावलात का?" असं विचारू नकोस. तो "नाय, नाय" म्हणेल आणि फोन देईल. त्याला विचार, "आणखी दोन वर्षं मी इथेच आहे, तर तुम्हाला कसली काळजी वाटते?" आणि मग थांब. तिथल्या डॅनिश लोकांसारखी थांब. त्याचं उत्तर लगेच येणार नाही. त्याने गळ्यातला पंचा काढून तोंड पुसलं की समज, आत काहीतरी जुळतंय. (हा माझा अंदाज, पण पन्नास वर्षांच्या वरचा आहे, मोठी बहीण म्हणून तेवढी सूट दे.) ऑफिसमध्येही तेच कर. सगळे गप्प बसले तर मनात खटला चालवू नकोस, "यात तुम्हाला काय अडचण दिसते?" म्हणून एकाला विचार. अडचण असेल तर सांगतील, तुझं काम सुधारेल. नसेल तर तुझी झोप वाचेल.

त्याच्याशी बोलताना व्हिडिओवरच बोल. तो ओठ वाचतो, त्याचं त्यालाही माहीत नाही. 1976 साली मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या दोघांनी एक मजेशीर गोष्ट दाखवली. ऐकवायचं 'बा', आणि पडद्यावर 'गा' म्हणणारे ओठ दाखवायचे. बघणाऱ्याला ऐकू येतं 'दा'! धडधाकट कानाचे लोकसुद्धा असे डोळ्यांनी ऐकतात, मग याचं काय सांगावं. पण तू बसतेस खिडकीकडे पाठ करून, मागून उजेड, तुझा चेहरा आम्हाला काळा दिसतो. उजेडाकडे तोंड करून बस. सावकाश बोल, ओरडू नकोस, ओरडल्याने ओठ वाकडे होतात. आणि लांब काही सांगायचं असेल तर मला लिही, मी त्याला वाचून दाखवते. मी मोठ्याने आणि जाड आवाजात वाचते, शाळेचा आवाज अजून गेलेला नाही.

त्याला वांद्र्याला न्यायचं मी ठरवलंय, अली यावर जंग संस्थेत, कानाची नीट तपासणी करायला. इथून वसई, तिथून लोकलने वांद्रे, जाऊन येऊन दिवस मोडेल. तो म्हणतो, "कानात मशीन घालून मी काय म्हातारा झालो?" तुझी आई म्हणते, झालास. या भांडणात तू बोललीस तर उपयोग होईल. "बाबा, माझं बोलणं तुम्हाला पुरतं ऐकू यावं असं मला वाटतं" एवढंच म्हण. तपासणी झाली म्हणजे लगेच सगळं सुधारेल असं नाही, मशीनची सवय व्हायला महिने लागतात. आधी भांड्यांचा आवाजसुद्धा कानात घुसतो म्हणतात.

आता तुझ्याकडे वळते. तूही आम्हाला 'मस्त' म्हणतेस, एक हसरं तोंड पाठवतेस आणि आम्ही तिघं त्यावर अंदाज लावत बसतो. तुझी आई म्हणते बारीक झाली, बापूस म्हणतो उजेड कमी आहे म्हणून तशी दिसते. मी अंदाज लावणार नाही, सरळ विचारते. रात्रीचं काय जेवतेस? शनिवार-रविवार कुणाशी बोलतेस, त्यांची नावं सांग. झोप लागते का, आणि मध्ये जाग आली तर मनात काय येतं? फोनवर त्या दिवशी तू रडत होतीस का? यातल्या कशालाच 'मस्त' हे उत्तर चालणार नाही. नसेल सांगायचं तर "आत्या, आत्ता नको" म्हण, ते मला चालेल. पण तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ मलाच लावायला लावू नकोस, मी फार वाईट वाईट अर्थ लावते.

रविवारी आपल्याकडे दुपारी साडेतीन, तुझ्याकडे सकाळचे अकरा. ओटीवरचा पंखा बंद करून ठेवते, त्याचा खडखडाट त्याला फार लागतो. मी आणि तुझी आई आत स्वयंपाकघरात बसू. तुम्ही दोघंच बोला.

काळजी घे, बाय. थंडीत कान झाकून जात जा.

तुझी,
आत्या

ता.क. तुझी आई विचारते, तांदळाचं पीठ तिथे मिळतं का आणि त्याची भाकरी थापली जाते का? की महेशचा मित्र जानेवारीत तिकडे यायचाय त्याच्याबरोबर आपल्या नव्या भाताचं दळून पाठवू? किती किलो ते लिही, मागच्यासारखं 'थोडंसं' लिहू नकोस.